थांबण्यासाठी निघालेली जहाजे

जहाज कशासाठी असते, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले आहे : इथून तिथे जाण्यासाठी. मालवाहू जहाज वेळेत पोहोचले तर मालकाचा फायदा, बंदराबाहेर रांगेत ताटकळले तर रोजचा तोटा. मचवा निघतो तो मासळी घेऊन धक्क्याला परत लागण्यासाठी. या पुस्तकातली जहाजे मात्र दुसऱ्या कुळातली आहेत. ती मुरगावहून किंवा कोचीहून सुटतात, चार-सहा दिवस अखंड चालतात आणि अशा ठिकाणी जातात, जिथे ना बेट, ना बंदर, ना दिवा. कागदावर अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे, एवढीच त्या जागेची ओळख. तिथे पोहोचून ती करतात काय? थांबतात.

हे थांबणे वाटते तितके सोपे नाही. खाली चार हजार मीटर पाणी असते, तेव्हा नांगर टाकून मोकळे होता येत नाही. वारा एकीकडे ढकलतो, प्रवाह दुसरीकडे ओढतो, आणि या ओढाताणीत जहाज जागच्या जागी राखायचे असते. मग पोलादी चौकटीत गोलाकार उभ्या लावलेल्या बाटल्या, आणि त्यांच्या मधोमध तापमान, क्षारता व दाब टिपणारे यंत्र, असा सगळा डोलारा तारेला बांधून पाण्यात सोडतात. तार सेकंदाला साधारण एक मीटर या बेताने सुटते. तळाजवळ जायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करायची आणि त्या थराचे पाणी कोंडून घ्यायचे. अडीच-तीन तासांनी चौकट डेकवर येते, तेव्हा कदाचित पहाटेचे तीन वाजलेले असतात. विषुववृत्तावरच्या उकाड्यातही तळाजवळच्या बाटलीतले पाणी बोटे बधिर करण्याइतके गार असते.

एवढ्या खटाटोपातून हाती काय आले? नकाशावरच्या एका टिंबाखालची एक उभी रेघ. मग जहाज काही मैल पुढे जाते आणि पुन्हा थांबते. जहाजावरची मंडळी या थांब्याला 'स्टेशन' म्हणतात. समुद्राच्या पोटाविषयी माणसाला जे खात्रीने माहीत आहे, त्यातले बरेचसे अशा स्टेशनांवर उभे राहून मिळवलेले आहे. हे पुस्तक त्या थांब्यांविषयी आहे.

नवख्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल तो असा की, उपग्रहांच्या काळात हा खटाटोप हवाच कशाला? याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. सूर्यप्रकाश साधारण दोनशे मीटरच्या खाली जवळजवळ पोहोचत नाही. रेडिओलहरी त्याहून आधीच विरून जातात. उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभाग दिसतो : त्याचे तापमान, रंग, उंचसखलपणा. महासागराची सरासरी खोली मात्र ३,७०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे घराच्या कौलांवरून घरातल्या माणसांचे स्वभाव सांगण्यासारखा तो प्रकार झाला. पाण्यातून दूरवर जातो तो आवाज. सेकंदाला सुमारे १,५०० मीटर या वेगाने तो तळाशी जाऊन परततो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली कळते. पण पाण्याची चव, त्यातला प्राणवायू, तळाचा गाळ आणि त्या गाळात राहणारे किडे प्रतिध्वनीत ऐकू येत नाहीत. ते हातात घ्यावे लागतात. त्यासाठी कोणीतरी तिथे जाऊन थांबावे लागते.

या थांबण्याची शिस्त लावली ती 'चॅलेंजर'ने. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाचे मत वजनदार मानले जात होते की, तीनशे वावांच्या (वाव म्हणजे दोन्ही पसरलेल्या हातांएवढी लांबी) खाली समुद्रात जीवसृष्टी नसावी. 'लाइटनिंग' आणि 'पॉर्क्युपाइन' या जहाजांनी १८६८ ते १८७० या काळात त्याहून कितीतरी खोलवरून जिवंत प्राणी वर काढले आणि त्या मताला तडा गेला. मग ब्रिटिश नौदलाने आपली 'चॅलेंजर' ही युद्धनौका विज्ञानासाठी दिली. दोन सोडून बाकीच्या तोफा उतरवल्या आणि त्या जागी प्रयोगशाळा मांडल्या. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले. या साडेतीन वर्षांत ते ६८,८९० सागरी मैल फिरले आणि ३६२ ठिकाणी थांबले. दर ठिकाणी ठरलेली कामे : खोली मोजणे, तळाचा नमुना घेणे, निरनिराळ्या थरांचे तापमान पाहणे, जाळे ओढणे. मार्च १८७५ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात दोरी सुटत सुटत ४,४७५ वावांवर गेली, तेव्हा कुठे तळ लागला. आज तो भाग मारियाना गर्ता म्हणून ओळखला जातो. वायविल थॉमसन यांच्या नेतृत्वाखाली गोळा झालेले हे घबाड अभ्यासून त्याचे पन्नास खंड छापायला पुढची जवळजवळ वीस वर्षे लागली. जहाज परतले म्हणजे मोहीम संपली, असे या शास्त्रात कधीच होत नाही.

'चॅलेंजर'नंतर वाटा फुटल्या. या शास्त्रातली घराणी म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर पुढचे लेख वाचताना सोपे जाईल.

पहिले घराणे 'चॅलेंजर'चे स्वतःचे : जगभर फिरावे, भेटेल ते गोळा करावे, नाव द्यावे, नोंद करावी. मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट आपल्या नौकांवरून हेच करत होते.

दुसरे घराणे स्कँडिनेव्हियातले. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि १८९३ ते १८९६ या काळात बर्फाबरोबर वाहत जाऊन उत्तर ध्रुवीय समुद्राचे वाहणे मोजले. या मंडळींना प्राण्यांच्या नावांपेक्षा पाणी कुठून कुठे जाते आणि का, याची जिज्ञासा होती. घनता, क्षारता, वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांवरून प्रवाहांचे गणित मांडणारे हे लोक. १९२५ ते १९२७ या काळातल्या जर्मन 'मेटेओर' मोहिमेने ही पद्धत कळसाला नेली. भटकणे नाही, भेटेल ते घेणे नाही. दक्षिण अटलांटिकच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आखलेल्या चौदा आडव्या रेघा, प्रत्येक रेघेवर ठरलेले थांबे, आणि वाटेत प्रतिध्वनीने घेतलेली सुमारे ६७,००० खोलीमापने. मोहिमेचे प्रमुख आल्फ्रेड मेर्झ आरंभीच्या काही महिन्यांतच आजारी पडून ब्वेनोस आयरेसला वारले, तरी आराखडा इतका नेटका होता की कप्तान स्पीस यांनी तो तडीस नेला.

तिसरे घराणे मासळीवाल्यांचे, आणि पोटापाण्याशी सर्वांत जवळचे. नॉर्वेच्या 'मायकेल सार्स' या जहाजावरून योहान योर्ट यांनी मासे एखाद्या वर्षी उदंड आणि एखाद्या वर्षी गायब का होतात, याचा पिच्छा पुरवला. १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र-अभ्यासाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, ती प्रामुख्याने याच काळजीतून.

चौथे घराणे तळाचे. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेचे 'व्हेमा' हे मूळचे एका धनिकाचे शिडाचे क्रीडाजहाज. तिथे मॉरिस युइंग यांचा दंडक होता : रोज थांबायचे आणि तळातून गाळाचा एक लांब नळकांडीभर नमुना काढायचा, आज त्याचा उपयोग कळो वा न कळो. अशा जहाजांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून मारी थार्प यांनी अटलांटिकच्या मध्यावरची दरी कागदावर उमटवली. स्त्री म्हणून त्यांना तेव्हा जहाजावर मज्जाव होता. ज्या समुद्राचा नकाशा त्यांनी काढला, तिथे संशोधन जहाजावरून जायला त्यांना १९६८ उजाडावे लागले. त्याच वर्षी निघालेल्या 'ग्लोमार चॅलेंजर'ने थांबण्याची कला आणखी वरच्या पट्टीत नेली. तळावर आवाज करणारे एक यंत्र ठेवायचे, त्याच्या आवाजावरून जहाजाची जागा क्षणोक्षणी ताडायची आणि आडव्या पंख्यांनी जहाज तिथेच धरून हजारो मीटर लांब नळीने तळाला भोक पाडायचे. मध्य-अटलांटिक डोंगररांगेपासून जसजसे दूर जावे तसतसा तळ जुना होत जातो, हे त्या भोकांतल्या गाळाने दाखवले, आणि भूखंड सरकतात की नाही हा वाद बहुतांशी मिटला.

पाचवे घराणे सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत सोशीक. ते म्हणते, एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबा. हवाई आणि बर्म्युडाजवळच्या ठरलेल्या ठिकाणी १९८८ पासून जहाजे नेमाने जात आहेत. एका फेरीत नवे काही कळत नाही. तीस वर्षांच्या फेऱ्या एकाखाली एक मांडल्या की समुद्र तापतो आहे, आम्लाकडे झुकतो आहे, हे डोळ्यांना दिसते.

आपल्या समुद्राची कथा या घराण्यांच्या कडेकडेने जाते. १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेले 'इन्व्हेस्टिगेटर' हे हिंदुस्थानच्या सागरी सर्वेक्षणाचे जहाज. त्याचे काम किनाऱ्याचे आणि खोलीचे नकाशे करण्याचे. पण त्यावर एक डॉक्टर नेमलेला असे, आणि खलाशांच्या तब्येती सांभाळून उरलेल्या वेळात त्याने प्राणिशास्त्र करावे अशी सोय होती. आल्फ्रेड अल्कॉक हे त्या डॉक्टरांपैकी सर्वांत नावाजलेले. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या खोल पाण्यातल्या प्राण्यांची पहिली पद्धतशीर ओळख त्यांच्या लिखाणातून झाली. आपल्याकडे खोल समुद्राचे विज्ञान असे नकाशावाल्यांच्या जहाजात, दवाखान्याच्या मागच्या दाराने आले.

पुढे १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्रात फिरले. मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल हेही 'इन्व्हेस्टिगेटर'वरचे जुने डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञच. या जहाजाने अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवरचा प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा जाड थर चांगला नोंदवला. साधारण दीडशे ते हजार मीटरांमधला हा थर आपल्या समुद्राचा स्वभावविशेष आहे. १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये कॅरुदर्स आणि सहकाऱ्यांनी लिहिले की, हेच कमी प्राणवायूचे पाणी मुंबईसमोर उतारावरून किनाऱ्याकडे चढून येते आणि मासळीवर परिणाम करते. मासळी अचानक किनाऱ्याकडे का लोटते किंवा नाहीशी का होते, या कोळीवाड्यातल्या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा असा मध्यसमुद्रात सापडला.

तरीही १९५० च्या दशकात हिंदी महासागर हा सर्वांत कमी मोजलेल्या महासागरांपैकी एक होता. वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि त्यांच्याबरोबर प्रवाहही उलटतात, असा हा एकमेव महासागर; त्याच्याविषयीच अज्ञान राहावे याची बोच आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांना होती. त्यातून १९५९ ते १९६५ ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम उभी राहिली. अनेक देशांची चाळीसच्या आसपास जहाजे तीत उतरली. अमेरिकेने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची जुनी नौका बदलून 'अँटन ब्रून' या नावाने पाठवली. भारताकडे खास संशोधनासाठी बांधलेले मोठे जहाज नव्हते, म्हणून नौदलाची 'किस्तना' ही फ्रिगेट कामाला लावली. या मोहिमेचे आपल्यासाठी सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली आणि पुढे गोव्यात दोनापावलाला स्थिरावलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मराठी आणि कोकणी मुलखाचा या शास्त्राशी खरा घरोबा तिथून सुरू झाला.

संस्था झाली, तरी जहाज यायला दहा वर्षे गेली. १९७६ मध्ये आलेली 'गवेषणी' ही भारताची पहिली महासागरी संशोधन नौका. ती जन्माने संशोधन नौका नव्हतीच. बंदरातला गाळ वाहून नेण्यासाठी योजलेल्या बार्जमध्ये बदल करून कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने ती घडवली. गाळ वाहायला निघालेल्या या नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून मँगेनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले धातूचे गोळे वर आणले. त्या बळावर १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताच्या नावे नोंदले गेले. असा मान मिळवणारा भारत पहिला देश होता. आज त्यातले ७५,००० चौरस किलोमीटर भारताकडे आहे.

पुढचा काळ वेगाचा. १९८१ मध्ये महासागर विकास विभाग निघाला, त्याच वर्षी ६ डिसेंबरला 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन भाड्याच्या जहाजातून डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली शंभर मीटर लांबीची 'सागर कन्या' आली, १९८४ मध्ये डेन्मार्कहून मत्स्यसंशोधनासाठी 'सागर संपदा'. पुढे 'सागर निधी', आणि २०१४ मध्ये देशातच बांधलेली समुद्रविज्ञान संस्थेची 'सिंधु साधना'. त्यांतली 'सागर कन्या' चाळिशी ओलांडलेली. पावसाळी ढगांपासून तळाच्या गाळापर्यंत आणि १९९९ मध्ये हिंदी महासागरावरच्या धुरकट हवेच्या अभ्यासापर्यंत तिने काय काय केले, याची नुसती यादी द्यायची तरी ही प्रस्तावना अपुरी पडेल.

मोठ्या जहाजांच्या झगमगाटात एक गोष्ट हमखास विसरली जाते. किनाऱ्याचे विज्ञान लहान होड्यांवर चालते. खाडीत, नदीच्या मुखाशी, दहा-वीस मीटर पाण्यात शंभर मीटरचे जहाज शिरतच नाही. तिथे किनारी संशोधन नौका लागते, नाहीतर सरळ मच्छीमारांकडून भाड्याने घेतलेला ट्रॉलर. गोव्याच्या कांदोळीसमोर पंचवीस-तीस मीटर पाण्यात एक ठरलेली जागा आहे. १९९० च्या दशकापासून संशोधक अशा लहान बोटींतून तिथे जाऊन पाणी घेत आले आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. डॉ. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत हे प्राणवायूहीन पाणी वाढत असून त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणावर निघतो. जगाच्या हवामानाच्या हिशेबात मोडणारी ही गोष्ट किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर, तासाभराच्या बोटप्रवासात सापडली.

या क्षेत्रातले वादही नवख्या वाचकाने ओळखून घ्यावेत. पहिला वाद यंत्र की जहाज हा. आज जगभर सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगक आपोआप दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि उपग्रहाला आकडे सांगतात. हे काम जहाजांनी करायचे म्हटले तर जगातली सगळी जहाजे अपुरी पडतील. मग जहाजे मोडीत काढायची का? प्रश्न रास्त आहे. पण तरंगक समुद्रात सोडायला आणि त्यांचे आकडे तपासून घ्यायला लागते ते जहाजच. मापनयंत्र बिघडले की ते बेधडक खोटे बोलते, आणि ते खोटे पकडायला बाटलीतले खरे पाणी लागते. दुसरा वाद समुद्राशी छेडछाड करावी का, हा. २००९ मध्ये 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजावरून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी दक्षिण महासागराच्या एका तुकड्यात लोह मिसळून शेवाळाची वाढ तपासली, तेव्हा पर्यावरणवाद्यांनी मोठा गदारोळ केला. अपेक्षेपेक्षा फारच थोडा कार्बन खाली गेला, हा त्या प्रयोगाचा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा होता.

तिसरा वाद जुना आणि अवघड : हे जहाज नक्की कोणाचे? खोलीचा नकाशा शास्त्रज्ञाला लागतो तसा पाणबुडीलाही लागतो. १९७४ मध्ये 'ह्यूज ग्लोमार एक्स्प्लोरर' हे जहाज समुद्रतळावरचे धातूचे गोळे काढायला निघाल्याचे जगाला सांगितले गेले. प्रत्यक्षात अमेरिकेची गुप्तहेर संस्था त्यातून बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलत होती. आजही चीनची संशोधन जहाजे हिंदी महासागरात आली की दिल्लीत भुवया उंचावतात. २०२४ मध्ये श्रीलंकेने वर्षभर परदेशी संशोधन जहाजांना बंदी केली. १९८२ च्या सागरी कायद्यानुसार दुसऱ्या देशाच्या दोनशे सागरी मैलांच्या क्षेत्रात संशोधन करायचे तर त्या देशाची संमती लागते. विज्ञान निरागस असते, असे मानणाऱ्यांनी या जहाजांचा इतिहास जरूर वाचावा. आणि सगळेच हेरगिरी असते, असे मानणाऱ्यांनी कांदोळीची कथा वाचावी.

आणि माणसे. जहाजावर शास्त्रज्ञ पाहुणा असतो. त्याला बोट लागते, दोन दिवस तो बादली धरून बसतो, आणि त्याच वेळी विंचवरचा माणूस, सारंग आणि इंजिनवाले त्याचे स्टेशन सांभाळत असतात. तार तुटली तर लाखोंचे यंत्र तळाला जाते, आणि ती तुटू नये याची अक्कल छापील शोधनिबंधात नसते, विंचवाल्याच्या हातात असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी आहेत. मराठी वाचकाला हे लोक परके नाहीत. नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पोहोचल्या. तिथे जाणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. मारी थार्प यांच्यासाठी बंद असलेली शिडी पंधरा-वीस वर्षांत इथवर खाली आली होती.

मग आत्ताच हे पुस्तक का? कारण समुद्राचे मोजमाप नंतर करता येत नाही. पडक्या वाड्याचा फोटो काढायचा राहिला तर निदान त्याचे दगड उरतात. गेल्या वर्षीचे पाणी या वर्षी मोजता येत नाही. एखादे वर्ष जहाज गोदीत पडून राहिले, तर त्या वर्षाची ओळ वहीत कायमची कोरी. अरबी समुद्र तापतो आहे, त्यातली चक्रीवादळे बदलत आहेत, खोल समुद्रातल्या खाणकामाचे दार किलकिले झाले आहे, भारत 'मत्स्य ६०००' या पाणबुडीतून माणसे सहा हजार मीटरवर पाठवायची तयारी करतो आहे. नेमक्या याच काळात जगाची जहाजे थकत चालली आहेत. १९८५ पासून तळ खणणारे आणि २०१५ मध्ये आपल्या अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात थांबून सिंधूने आणलेल्या गाळातून मोसमी पावसाचा लाखो वर्षांचा इतिहास काढणारे 'जॉइडिस रिझोल्यूशन' २०२४ मध्ये निवृत्त झाले, त्याच्या जागी दुसरे उभे न करता. आपल्याकडे २०२४ मध्ये नव्या महासागरी संशोधन नौकेचा करार झाला तो गार्डन रीच गोदीशीच. जिने पन्नास वर्षांपूर्वी गाळाच्या बार्जची 'गवेषणी' केली, तीच ही गोदी. यावेळी तरी नौका संशोधनासाठीच जन्माला येईल.

या संग्रहाचा आवाका मर्यादित आहे. जगातल्या सर्व संशोधन जहाजांची ही जंत्री नाही, आणि समुद्रविज्ञानाचे पाठ्यपुस्तक तर नाहीच. एका साध्या प्रश्नाचा माग घेत हे लेख जातात : समुद्राबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कोणी, कुठे थांबून, काय किंमत मोजून मिळवले? म्हणून इथे शास्त्रज्ञांच्या शेजारी खलाशी आहेत, मोठ्या मोहिमांच्या शेजारी फसलेले प्रयत्न आहेत, आणि महासागराच्या शेजारी खाडी आहे. काही ठिकाणी दोन लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवली नाहीत, हे बरेच केले.

भाषेबद्दल दोन शब्द. मराठीत समुद्रावर प्रेम करणारे लेखन पुष्कळ आहे, समुद्र मोजणारे थोडे. तरी शब्दांची वाण नाही. दोन्ही हात पसरून दोरी मापणारे 'वाव' हे माप आपल्याकडे आहे. तिथीवरून पाण्याचा जोर सांगणारे 'उधाण' आणि 'भांग' आहेत. या लेखकांनी ते शब्द घेतले आणि जिथे जहाजावरचा माणूस 'विंच', 'डेक', 'स्टेशन' म्हणतो तिथे तेच ठेवले. पुस्तकी प्रतिशब्द घडवण्याचा सोस त्यांनी टाळला, याबद्दल वाचक त्यांना दुवा देईल.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक वाचताना हिंदी महासागराचा नकाशा आणि एक पेन्सिल जवळ ठेवावी. जिथे जिथे एखादे जहाज थांबल्याचा उल्लेख येईल, तिथे एक टिंब द्यावे. शेवटच्या पानापर्यंत बरीच टिंबे होतील. मग नकाशा थोडा दूर धरून टिंबांच्या मधली कोरी जागा पाहावी. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा आजवर नीट मोजून झाला आहे.